घराचं तोंड कुठं?

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक भरली, पण हप्त्यांचा हिशोब राहिला बाजूला आणि तासभर एकाच विषयावर बोलणं झालं. आमच्यातल्या एका ताईंच्या मुलाला नांद्यात फ्लॅट घ्यायचाय. एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट त्यांनी बघितले. एकाचं दार पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. पूर्वेच्या दाराला भाव जास्त. ताईंचे यजमान म्हणाले, वास्तू चांगली पाहिजे, पूर्वेचाच घ्यायचा. सून काही बोलली नाही, पण वरचे पैसे तिच्या पाटल्या मोडून उभे राहणार होते. ताई आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर बोलता ना, मग सांगा आता काय करायचं ते."

आम्ही म्हटलं, आधी हे दिशांचं प्रकरण आलं कुठून ते तर बघू.

आपल्या मुळशीत घर बांधणाऱ्याला दिशा पावसानं शिकवली. जून लागला की वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि झड त्या अंगाच्या भिंतीवर बसते. भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. तिकडं दार ठेवलं तर चार महिने घरात चिखल. म्हणून त्या बाजूला खिडकी-दार कमी आणि ओटी जमेल तर उगवतीकडं. सकाळचं ऊन ओटीवर आलं की दाणे वाळतात, बाळाला तेल लावून शेकता येतं. चूलही उगवतीच्या अंगाला असली तर पश्चिमेचा वारा धूर बाहेर घेऊन जातो. धूर डोळ्यांत जाणार तो आपल्याच, त्यामुळे ही गोष्ट बाईला कुणी समजावून सांगावी लागत नव्हती.

पोथीतलं वास्तुशास्त्रही जुनं आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' लिहिली, तिच्यात वास्तुविद्येचा एक मोठा अध्याय आहे. जागेचे 81 चौकोन पाडायचे आणि त्या चौकोनांत देवता मांडायच्या, ही रीत त्यात दिलेली आहे. त्यातली जमिनीची एक परीक्षा आम्हाला फार आवडली. हातभर खोल खड्डा खणायचा आणि तीच माती त्यात परत भरायची. माती उरली तर जमीन चांगली, कमी पडली तर वाईट. यात जादू काही नाही. घट्ट बसलेली जमीन खणली की माती फुगते, पोकळ जमिनीतली माती दबून कमी भरते. विहिरीवर काम केलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

पण त्याच अध्यायात आणखीही काही आहे. उत्तरेकडं उतरती जमीन ब्राह्मणाला, पूर्वेकडं उतरती क्षत्रियाला, दक्षिणेकडची वैश्याला आणि पश्चिमेकडची शूद्राला. मातीचा रंगसुद्धा जातीप्रमाणे वाटून दिलेला, पांढरी कुणाची आणि काळी कुणाची ते ठरलेलं. आज फ्लॅट दाखवणारा मुलगा हे सांगत नाही, कारण त्याला सगळ्यांनाच फ्लॅट विकायचाय. आपल्या गावांतही दिशा अशीच वाटलेली होती. कुणाची घरं गावकुसाच्या आत आणि कुणाची बाहेर, पाण्याच्या वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे घर बांधणाऱ्यानं ठरवलेलं नसायचं. आमच्या गटात दोन्हीकडच्या बाया आहेत, म्हणून हे सोडून पुढं जाता आलं नाही.

बरं, सगळं शास्त्राप्रमाणे केलं तर घर राखलं जातं का? पुण्याचा शनिवारवाडा बघा. थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी केली, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली, खर्च आला 16,110 रुपये. मुख्य दिल्ली दरवाजा उत्तरेला, म्हणजे आजच्या वास्तुवाल्यांच्याही पसंतीचा. त्याच वाड्यात 1773 साली नारायणरावांचा खून झाला आणि 1828 च्या आगीत वाडा जळून गेला. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच मुळेवर टाटांचं धरण झालं. सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली 16 एप्रिल 1921 ला सत्याग्रह सुरू झाला, पण धरण थांबलं नाही. पाण्याखाली गेलेल्या घरांतही उगवतीकडं तोंड असलेली घरं असणारच.

आता फ्लॅटकडं येऊ. आपल्याकडं दाटीच्या वस्तीत ऊन-उजेडाचा सरकारी नियम आला तो प्लेगमुळं. 1896 साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसं पटापट मेली. त्यानंतर 1898 साली तिथं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यांनी इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. आकडा अवघड वाटतो, अर्थ सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी जागा मधे मोकळी हवी, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळ दिसेल. पुढं दादर-माटुंग्याला अशा वस्त्या वसल्या आणि किती तरी मराठी कुटुंबं पहिल्यांदा फ्लॅटात राहायला गेली. आम्हाला विचाराल तर, खिडकीतून आभाळ किती दिसतं हे बघायची ती रीत आजही दाराच्या दिशेपेक्षा उपयोगाची आहे.

कारण फ्लॅटात दाराचं कामच बदललं. वाड्याचं, आपल्या कौलारू घराचं दार उघडलं की ऊन आत यायचं. फ्लॅटाचं दार उघडतं ते लिफ्टसमोरच्या बोळात. तिथं ना सूर्य, ना वारा. आणि बहुतेक फ्लॅटांत खिडक्या, गॅलरी असते दाराच्या समोरच्या अंगाला. म्हणजे दार पूर्वेला असलं तर हॉलची काच पश्चिमेला! एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीननंतर तिरपं ऊन थेट आत येतं आणि पावसाळ्यात झडही त्याच बाजूला. ताईंच्या यजमानांना जास्त पैसे देऊन हेच मिळणार होतं. पश्चिमेच्या दाराच्या त्या दुसऱ्या फ्लॅटात स्वयंपाकघराची खिडकी उगवतीला आहे, हे सुनेनं बघून ठेवलं होतं. ती बोलली नव्हती, एवढंच.

दक्षिणेचंही तसंच. दक्षिण यमाची म्हणून लोक घाबरतात. पण आपल्या भागात थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊब येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो डोक्यावरून जरासा उत्तरेलाच असतो, म्हणून छोटा छज्जासुद्धा पुरतो. पश्चिमेच्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही, ते आडवं येतं.

आणखी एक गंमत. एका मजल्यावर चार कोपऱ्यांत चार फ्लॅट असतात, नकाशा एकच, आरशात उलटा करून मांडलेला. मग एकाचं स्वयंपाकघर आग्नेयेला आलं तर बाकीच्यांचं कुठं जाणार? तरी जाहिरातीत सगळे वास्तूनुसार! मोबाइलमधलं होकायंत्र लावून दिशा बघायची तर स्लॅबमधल्या लोखंडाजवळ आणि लिफ्टजवळ ते भरकटतं. खाली मोकळ्या जागेत येऊन बघावं.

आपली शेजारची सूस आणि म्हाळुंगे 2021 साली पुणे महापालिकेत गेली, नांदे त्या यादीत नव्हतं. म्हणून पाणी कुठून येणार, टँकरचा खर्च कुणाकडं, सांडपाणी कुठं सोडणार, हे आधी विचारायला हवं. 2017 पासून महारेरा आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशा बघायला मिळतो. बांधून झालेली इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. आणि 2021 पासून घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. 50 लाखांच्या फ्लॅटला 50 हजार रुपये. नवरा-बायको दोघांच्या नावानं घेतलं तर ही सूट मिळत नाही.

हे सगळं आम्ही ताईंच्या घरी जाऊन सांगितलं. पाटल्या जाणारच असतील तर कागदावर नाव कुणाचं, हेही विचारलं. यजमान काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पण लोक काय म्हणतील, पश्चिमेचं दार घेतलं म्हणून?" त्यांचं मन अजून वळलेलं नाही. पहिल्यांदा सगळे सकाळी दहाला फ्लॅट बघून आले होते. आता येत्या रविवारी दुपारी चारला जायचं ठरलंय, आणि या वेळी दोन्ही फ्लॅटांत अर्धा अर्धा तास बसायचं. सून म्हणाली, "मी पाण्याची बाटली घेते, पूर्वेच्या फ्लॅटात लागेल."