ऊन ४२ अंशांवर असताना हेल्मेट घालायचं कसं?

एप्रिल-मेच्या दुपारी जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या रस्त्यांवर दोन प्रकारचे दुचाकीस्वार दिसतात. स्कूटीवरच्या महिला डोक्याला स्कार्फ, अंगात सनकोट आणि हातात लांब मोजे घालून निघतात. मोटारसायकलवरचे पुरुष अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चप्पल घालून, फार तर तोंडाला रुमाल बांधून. हेल्मेट मात्र दोघांकडेही बहुतेक वेळा नसतं, किंवा आरशाला अडकवलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "एवढ्या उन्हात डोकं शिजतं हो."

ही निव्वळ सबब नाही. मराठवाड्यात या दिवसांत पारा ४० अंशांच्या वर जातो. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापीवर. डांबरी रस्त्यावर, तापलेल्या इंजिनाच्या वर बसलेल्या माणसाला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं. त्रास खरा आहे. प्रश्न एवढाच की अंगावरचं संरक्षण काढल्याने तो कमी होतो का?

वारा गार करतो की तापवतो?

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून हिवाळ्यात गाडीवर हुडहुडी भरते. पण हवा ४२ अंशांची असेल तर हिशेब उलटतो. वारा अंगातून उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. जालना रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना उघड्या हातांना जी झळ लागते, ती हीच.

मग शरीराकडे गार होण्याचा एकच मार्ग उरतो, घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. अंबडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे घाम पटकन वाळतो, आणि नेमका तोच घोटाळा आहे. उघड्या हातावरचा घाम वाऱ्याने क्षणात उडतो, त्वचा कोरडी पडते आणि वर ऊन व झळ दोन्ही थेट लागतात. घाम आलेला कळतही नाही, पाणी मात्र भराभर कमी होत असतं. सैल, पूर्ण बाह्यांचं सुती कापड मध्ये असेल तर ऊन कापडावर थांबतं, घाम सावकाश वाळतो आणि गारवा जास्त वेळ टिकतो.

म्हणजे सनकोट घालणाऱ्या महिलांचं शास्त्र बरोबर आहे. लोक त्याला 'रंग काळा पडू नये म्हणून' असं हसतात, पण उष्णतेच्या हिशेबात अर्ध्या बाह्यांचा शर्टच चुकतो. वाळवंटातले बदाऊनी लोक तर भर उन्हात पायघोळ काळे झगे घालतात. त्यांच्यावरचा एक अभ्यास १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आला होता. झगा काळा असो वा पांढरा, सैल असेल तर अंगाला पोहोचणारी उष्णता सारखीच राहते, असं त्यात आढळलं. काळं कापड जास्त तापतं, पण ती जादा उष्णता झग्याच्या आत खेळणारी हवा वरच्या वर घेऊन जाते.

कोकणात किंवा मुंबईत हे गणित बदलतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे अंगाला जितका वारा लागेल तितका बरा. मराठवाड्यात झाकून घेणं फायद्याचं.

हेल्मेटमध्ये डोकं खरंच शिजतं का?

हेल्मेटचं बाहेरचं कवच कडक असतं आणि आत थर्माकोलचा जाड थर असतो. बर्फ किंवा मासे ज्या खोक्यात टिकतात, तेच हे थर्माकोल. ते बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, त्यामुळे ऊन थेट टाळूवर येत नाही. पण डोक्याची स्वतःची उष्णता आणि घामाची वाफही ते अडवून धरतं. म्हणून सिग्नलला किंवा बाजारात गर्दीत अडकल्यावर हेल्मेट नकोसं होतं आणि गाडीने वेग घेतला की जरा बरं वाटतं. पुढून हवा आत घेणारी आणि मागून बाहेर सोडणारी छिद्रं असतील तर फरक जाणवतो. केवळ शोभेची बुजलेली छिद्रं असलेली हेल्मेटंही बाजारात असतात, घेताना आतून बोट घालून पाहावं.

त्रास म्हणजे उष्माघात नव्हे. उष्माघातात अख्ख्या शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं. डोकं आणि मान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग होतो. तेवढा भाग झाकल्याचा परिणाम पाणी न पिणं, रिकाम्या पोटी निघणं आणि भर बारा ते चारच्या वेळेत लांबचा पल्ला मारणं यांच्यापुढे किरकोळ आहे.

याउलट हेल्मेट नसण्याची किंमत मोजलेली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत मृत्युमुखी पडले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

'इथंच तर जायचंय'

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये आलेला त्यांचा अहवाल आजही आधाराला घेतला जातो. हेल्मेटचा वापर सर्वांत कमी कधी होता? उष्ण दिवसांत आणि जवळच्या फेऱ्यांना. आणि अपघात कुठे होत होते? बहुतेक अशाच छोट्या कामाच्या फेऱ्यांमध्ये, निघाल्यापासून थोड्याच वेळात. धडकेच्या क्षणी निम्म्या गाड्यांचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी होता.

अंबडला हे तंतोतंत लागू पडतं. तहसीलला, मोंढ्यात किंवा शेतात जायला कोणी हेल्मेट काढत नाही, 'लांब' म्हणजे जालना किंवा वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्गावर जायचं तेव्हाच त्याची आठवण होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ असा फरक करत नाही. चालवणारा आणि मागे बसणारा, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं (पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे). कलम १९४-ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे.

रुमाल, स्कार्फ आणि हेल्मेट एकत्र

सगळ्यात जास्त चूक इथं होते. जाड स्कार्फचे चार वेढे देऊन वर हेल्मेट चढवलं की ते डोक्याला नीट बसत नाही, पट्टा गळ्याशी पुरत नाही आणि अनेकदा तो लावलाच जात नाही. असं हेल्मेट पडताना आधी निघून जातं. आत पातळ सुती टोपी किंवा एकच पदर घ्यावा, उरलेलं कापड मानेला गुंडाळावं. ते ओलं करून घेतलं तर उत्तम: मानेवरची ओली दस्ती कोरड्या हवेत छान गारवा देते, वाळली की पुन्हा भिजवायची. घामेजलेलं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवावं, निम्मी चिडचिड त्या वासाची आणि खाजेची असते.

जॅकेटचं म्हणाल तर रोजच्या फेरीला जाळीचं जॅकेट परवडेलच असं नाही. लांब जाणाऱ्यांनी मात्र खांदा-कोपराला पॅड असलेलं घ्यावं आणि आतला सुती शर्ट भिजवून निघावं. सनकोट उन्हापासून वाचवतो, रस्त्यावर घासटत गेल्यावर तो फाटतो, एवढं लक्षात ठेवायचं. हातमोजे आणि बंद बूट ही कमी खर्चाची आणि सर्वांत दुर्लक्षित साधनं. पडताना माणूस आधी हात टेकतो.

पाणी कमी पडलं तर

इंग्लंडमधल्या लफबरा विद्यापीठात २०१५ च्या एका प्रयोगात अकरा जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली. शरीरात पाणी किंचित कमी असताना त्यांच्या चुका दुपटीहून अधिक झाल्या. प्रयोग लहान आहे, पण तहान लागेपर्यंत थांबू नये, एवढं सांगायला पुरेसा आहे. निघण्याआधी पाणी, वाटेत अर्ध्या तासाने थांबून ताक, पन्हं किंवा ओआरएस. चहा-सिगारेटचा थांबा तो नव्हे.

गाडी चालवताना डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं किंवा अंगावर काटा येणं ही थांबण्याची खूण आहे. लगेच सावली गाठून हेल्मेट आणि जॅकेट काढावं, मान, काखा आणि जांघा ओल्या कराव्यात, वारा घालावा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.