डेबियनच्या त्या दोन ओळी

मेमरीतल्या चुका पकडणारी साधनं आमच्या धंद्यात जुनी आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्युरिफाय आलं. २००२ मध्ये ज्युलियन सेवर्डचं व्हॅलग्रिंड फुकटात मिळू लागलं आणि वर्ध्यात सी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांचं फावलं. मेमरीच्या प्रत्येक बिटात कुणी काही लिहिलंय की नाही, याची नोंद ते वेगळी ठेवतं. न लिहिलेली किंमत नुसती इकडची तिकडे हलवली तर ते गप्प असतं. तिच्यावर एखादा ‘इफ’ ठरायला लागला की ओरडतं. म्हणजे ओरड होते एकीकडे, कारण असतं भलतीकडेच.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हेच व्हायचं. किल्ल्या बनवायला लागणारे रँडम आकडे काढताना ती मागणाऱ्याच्या कोऱ्या बफरमधला कचराही मिसळून घ्यायचं. मुद्दामच, लागला तर उपयोग, नाही तर नुकसान काही नाही. पण त्याचा डाग प्रत्येक आकड्याला लागायचा आणि ओपनएसएसएल वापरणारे निर्दोष प्रोग्राम इशाऱ्यांनी भरून जायचे. मूळ लेखकांना हे ठाऊक होतं. प्युरिफाय तक्रार करतं, अशी टीप त्यांनी त्या ओळीशेजारीच लिहिली होती, आणि तपासणीपुरती ती वगळायची सोयही ठेवली होती.

मे २००६ मध्ये हे इशारे थांबवायला, डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या माणसाने ती ओळ बंद केली. तशीच, अक्षरशः तीच, ओळ त्याच फाइलमध्ये आणखी एका ठिकाणी होती. तीही बंद केली. ही दुसरी मात्र जमवलेला सगळा बेभरवसा आत ओतणारी होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेस क्रमांक, फार तर ३२,७६८ पर्यायांचा, म्हणजे किल्ल्या अंदाजाने काढण्याजोग्या. त्याने आधी ओपनएसएसएलवाल्यांना विचारलंही होतं, कुणी अडवलं नाही. त्याला वेंधळा म्हणणाऱ्यांनी ती फाइल एकदा वाचावी.

डेबियनच्याच लुसियानो बेलोच्या हे लक्षात आलं. १३ मे २००८ ला जाहीर झालं. डेबियनवर बेतलेलं उबुंटूही त्यात सापडलं, म्हणजे आमची लॅबही. भारनियमनाचे दिवस, बाहेर वर्ध्याचा मे. वीज आली की एकेका यंत्रावर कच्च्या किल्ल्या शोधणारं एसएसएच-व्हल्नकी चालवायचं, सापडतील त्या काढायच्या, नव्या करायच्या. डीएसए किल्ल्यांचा जाच वेगळाच: दुसरीकडे धडपणे बनलेली किल्ली अशा यंत्रावर सहीला वापरली असेल तर तीही बाद.

दुरुस्तीत डेबियनने कामाची ओळ परत घातली. बफरवाली मात्र बंदच ठेवली.