साथीनंतरचे महाविद्यालय : विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा ऐतिहासिक विचार (१८९६–२०२२)

प्रस्तावना
साथरोगाचा इतिहास सामान्यतः मृत्यूंची संख्या, शासकीय उपाययोजना आणि लोकक्षोभ या तीन अंगांनी लिहिला जातो. साथ ओसरल्यावर वर्गात परतणारा विद्यार्थी या इतिहासात क्वचितच आढळतो. महाराष्ट्रातील तीन मोठ्या साथींच्या आधारे, परतलेल्या विद्यार्थ्याच्या दुःखाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासला आहे.

प्लेग आणि नातेसंबंधांचा आधार
१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग उद्भवला आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. घरझडत्या, विलगीकरण छावण्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला या घटना सर्वपरिचित आहेत. मात्र प्लेग त्या वर्षी संपला नाही. पुढील अनेक वर्षे तो पुनःपुन्हा येत राहिला. त्यामुळे त्या पिढीच्या शिक्षणाला स्थलांतराची आणि वियोगाची पार्श्वभूमी लाभली.

विनायक दामोदर सावरकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८९९ मध्ये भगूर येथे त्यांचे वडील व चुलते प्लेगने मृत्यू पावले. धाकट्या व थोरल्या बंधूंनाही लागण झाली, ते वाचले. त्यानंतर १९०२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. या उच्च शिक्षणाचा आर्थिक भार त्यांच्या सासऱ्यांनी उचलला. आपत्तीनंतर विद्यार्थी शिक्षणात टिकला तो आप्तांच्या बळावर, हे यातून दिसते. ज्यांना असे आप्त नव्हते, त्यांना शिक्षणात टिकणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना यावरून करता येते.

इन्फ्लुएन्झा : आधारच खचला तेव्हा
जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाचा शिरकाव झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अधिक संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानातील एकूण मृत्यू सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान असावेत, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे. त्याच वर्षी पावसाने दगा दिला व धान्य महागले. या साथीचे वैशिष्ट्य असे की, तिने प्रामुख्याने वीस ते चाळीस या वयोगटावर आघात केला. म्हणजे ज्या थोरल्या भावाच्या वा तरुण पित्याच्या मिळकतीवर शिक्षण चालत असे, तोच बळी पडत होता. प्लेगकाळात आधार ठरलेली कुटुंबव्यवस्था येथे स्वतःच दुबळी झाली होती.

कोविड : प्रमाणपत्रासह परतणे
मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून, लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी, प्रत्यक्ष सुरू करण्यास परवानगी मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा बंद करावी लागली व फेब्रुवारीत पुन्हा उघडली. प्रवेशद्वारावर लसीकरणाचे प्रमाणपत्र तपासले गेले. घरी काय घडले, हे विचारण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नव्हती.

त्या वर्षी प्रथम वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांची स्थिती लक्षणीय आहे. २०२१ ची बारावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनाने निकाल लागला, तो ९९.६३ टक्के होता. या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची शेवटची सार्वजनिक लेखी परीक्षा २०१९ ची दहावीची होती. तीन वर्षांनी, २०२२ च्या उन्हाळ्यात, ते पुन्हा उत्तरपत्रिकेसमोर बसले. ऑनलाइन परीक्षेची त्यांची मागणी अनेकदा आळस वा बेशिस्त मानली गेली. लिहिण्याची सवय तुटल्याचे आणि उत्तीर्ण होऊनही स्वतःच्या पात्रतेविषयी शंका वाटत असल्याचे ते लक्षण असू शकते, हा विचार मागे पडला.

शोकाच्या बाबतीतही अशीच उणीव राहिली. मे २०२१ मध्ये घोषित झालेली अनाथ बालकांसाठीची केंद्रीय योजना पालकांच्या मृत्यूसमयी १८ वर्षांखालील असलेल्या मुलांपुरती होती. एकोणिसाव्या वर्षी आईवडील गमावलेला पदवीचा विद्यार्थी त्या व्याख्येत बसला नाही. शासनाच्या दृष्टीने तो सज्ञान होता. महाविद्यालयाच्या दृष्टीने केवळ अनुपस्थित.

निष्कर्ष
तिन्ही साथींत परतणे ही प्रशासकीय घटना मानली गेली आणि मानसिक भार कुटुंबावर सोपवला गेला. कुटुंबावरच आघात झाला असता ही पद्धत अपुरी पडते, हे १९१८ व २०२१ या दोन्ही वर्षांनी दाखवले. २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता असणे अपेक्षित आहे. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी समुपदेशकापर्यंत विद्यार्थी पोहोचण्यासाठी त्याची अडचण प्रथम कोणाच्या तरी लक्षात यावी लागते. ते काम वर्गात रोज हजेरी घेणाऱ्या प्राध्यापकांचे आहे. दीर्घकाळ अनुपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्याचे नाव कमी करण्यापूर्वी त्याच्या घरची चौकशी करणे आणि तिची गोपनीय नोंद ठेवणे एवढे प्रत्येक विभागाला शक्य आहे. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. तथापि ती आल्यास विद्यार्थी कोणत्या अवस्थेत परतले, हे समजण्यासाठी पुढील अभ्यासकांना आठवणींच्या पुस्तकांवरच विसंबावे लागू नये.