अंधार जिंकला, झोप नाही

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९४९ सालापासून मध्यरात्री मोठी लगबग सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं यायची. टपालाच्या थैल्या उतरायच्या, मुंबईच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, दिल्लीच्या मद्रासच्या विमानात अशी अदलाबदल व्हायची आणि विमानं आल्या वाटेनं परत जायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला पोचायचं. देशाच्या मध्यावर असल्याचा मान नागपूरला असा टपालानंही दिला.

पत्र वेळेवर पोचलं याचं कौतुक सगळ्यांना होतं. ते आणणारा वैमानिक मग झोपतो केव्हा, हा प्रश्न मात्र कुणाला फारसा पडला नाही. रात्री माल वाहणाऱ्या वैमानिकाला दोन गोष्टींशी झगडावं लागलं. एक बाहेरचा अंधार आणि दुसरी स्वतःची झोप. पहिली लढाई लवकर संपली. दुसरी अजून चालू आहे.

पहिलीची गोष्ट अमेरिकेतली. तिथं १९२० च्या सुमारास टपाल दिवसा विमानानं आणि रात्री रेल्वेनं जायचं. दिवसभर कमावलेला वेळ रात्री जायचा. हे थांबवायचं म्हणून २२ फेब्रुवारी १९२१ रोजी टपाल खात्यानं दोन्ही किनाऱ्यांवरून विमानं सोडली. वाटेत एक वैमानिक कोसळून मरण पावला, तर पूर्वेकडून निघालेलं टपाल खराब हवेमुळे अडकलं. पश्चिमेकडून आलेल्या थैल्या रात्री नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट या गावी जॅक नाइट नावाच्या वैमानिकाच्या हाती आल्या. त्यानं त्या ओमाहापर्यंत न्यायच्या होत्या. खाली शेकोट्या पेटवून त्याला वाट दाखवण्यात आली. मध्यरात्र उलटल्यावर तो ओमाहाला उतरला, तर पुढचा वैमानिक आलेलाच नव्हता. पुढचा मार्ग नाइटला अनोळखी होता. तरी रस्त्यांचा साधा नकाशा घेऊन, उघड्या विमानात बसून, कडाक्याच्या थंडीत तो निघाला आणि सकाळी शिकागोला पोचला. टपाल सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला साधारण ३३ तासांत गेलं. नाइट राष्ट्राचा वीर ठरला. १९२४ साली त्या मार्गावर रांगेनं दिवे लागले आणि १ जुलैपासून रात्रीचं टपाल नियमित उडू लागलं. पुढे रेडिओ आला, रडार आलं, आणि अंधाराची भीती संपली.

पण नाइटच्या कथेतून एक वेगळाच धडा रुजला. बदली माणूस आला नाही तर आहे त्यानंच पुढे जायचं. जो थकला तरी थांबत नाही, तो खरा. एका रात्रीपुरतं हे शौर्य होतं. त्याचं रोजचं वेळापत्रक झालं की गोष्ट बदलते.

असं वेळापत्रक मोठ्या प्रमाणावर आलं ते १९७३ नंतर. त्या वर्षी १७ एप्रिलच्या रात्री फेडरल एक्स्प्रेस या कंपनीनं १४ छोट्या जेट विमानांनिशी मेम्फिस शहरातून काम सुरू केलं. पहिल्या रात्री पार्सलं होती फक्त १८६, शहरं २५. सगळी विमानं मध्यरात्री एका ठिकाणी आणायची, माल वाटून घ्यायचा आणि पहाटे परत पाठवायची. नागपूरला २४ वर्षं आधी चालू झालेलीच ही रीत. या धंद्याचं भांडवलच रात्र. तुम्ही-आम्ही झोपतो म्हणून तर पार्सल सकाळी दारात येतं.

या कामावर नव्यानं रुजू होणाऱ्या वैमानिकाला विमान चालवता येतच असतं. त्याला झोपायला शिकावं लागतं. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास हे घड्याळ माणसाला खाली खेचतं आणि सकाळी, कामावरून आलेल्याला झोपायचं असतं नेमकं तेव्हा, उठवून बसवतं. त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते. त्यात दाराची घंटा, फोन, मुलांची शाळा. मग जुने जाणते नव्याला सांगतात, खिडक्यांना जाड पडदे लाव, ड्यूटीवर जाण्याआधी संध्याकाळी डुलकी काढ, सुटीच्या दिवशी सगळे तास एकदम उलटे करू नकोस, झोप हे कामच आहे असं घरच्यांना सांग. डुलकीला शास्त्राचाही आधार आहे. लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर नासानं केलेल्या प्रयोगात ४० मिनिटांच्या सवडीत वैमानिक सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि उतरताना न झोपलेल्यांपेक्षा अधिक सावध राहिले.

पण पडदे आणि डुलक्या वेळापत्रकापुढे कुठवर पुरणार? १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबातल्या ग्वांतानामो तळावर उतरताना एक मालवाहू डीसी-८ विमान कोसळलं. तिघे वैमानिक-कर्मचारी रात्रभर उडून दमले होते. त्यांना ऐन वेळी आणखी एक खेप देण्यात आली. अपघाताच्या वेळी कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता. वेग कमी होतोय असं सहकारी सांगत होते आणि तो खालचा एक दिवा शोधत राहिला. तो दिवा त्या दिवशी बंद होता. तिघेही वाचले. कॅप्टननं चौकशीत सांगितलं, की शेवटी त्याला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. थकव्याची खरी भीती ही आहे. थकलेल्याला आपण थकलोय हेच नीट कळत नाही. अमेरिकेच्या चौकशी मंडळानं थकवा हे अपघाताचं संभाव्य कारण म्हणून नोंदवलं, आणि असं प्रथमच घडलं.

नियम बदलायला मात्र २००९ उजाडलं. बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून ५० जण गेले, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम करण्यात आले. ते २०१४ च्या जानेवारीत लागू झाले, पण फक्त प्रवासी विमानांना. मालवाहू कंपन्यांवर खर्चाचा बोजा फार पडेल, असं कारण देण्यात आलं. त्यांच्यासाठी हे नियम ऐच्छिक राहिले. लागू होण्याच्या पाच महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे, बर्मिंगहॅम, अलाबामा इथं मालवाहू एअरबस कोसळून दोन्ही वैमानिक मरण पावले. निघण्यापूर्वी दोघं याच भेदाबद्दल बोलत होते. ते बोलणं ध्वनिमुद्रणात सापडलं. चौकशीत थकव्याची नोंद झाली. तशीच सहवैमानिकानं विश्रांतीचे तास नीट वापरले नाहीत, हीही झाली. म्हणजे जबाबदारी दोघांची आहे. कंपनीनं वेळ द्यायचा आणि वैमानिकानं तो झोपण्यासाठीच राखायचा.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली आणि रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली. दिशा योग्य आहे. मागे माणसं बसली आहेत की खोकी, हे पाहून वैमानिकाचं शरीर कमी-जास्त दमत नाही. बर्मिंगहॅमचं ते विमान धावपट्टीच्या अलीकडे, वस्तीतल्या झाडांना घासत खाली आलं होतं. त्या घरांत त्या वेळी माणसं झोपलेली होती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)