मालिका-लेखनातील पात्रनोंद : स्वरूप आणि पद्धत

एकाच पात्राभोवती किंवा कुटुंबाभोवती अनेक पुस्तके रचताना लेखक स्वतःसाठी जी माहिती टिपून ठेवतो, तिला पात्रनोंद म्हणता येईल. एका कादंबरीपुरते पात्र स्मरणात राहते. मालिकेत मात्र दोन पुस्तकांच्या लेखनात वर्षे लोटतात, आणि वाचक ती लागोपाठ वाचतो. त्यामुळे लेखकाला पडलेला विसर वाचकाच्या तत्काळ लक्षात येतो.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स कथांतील डॉ. वॉटसन हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) मध्ये त्याला गोळी खांद्यात लागलेली आहे, तर 'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये जखम पायाला आहे. त्याचे नाव जॉन असताना १८९१ च्या एका कथेत पत्नी त्याला जेम्स म्हणते. याउलट एमिल झोला यांनी १८७१ ते १८९३ या काळात 'रूगों-माकार' मालिकेच्या वीस कादंबऱ्या लिहिल्या, त्या कुटुंबाचा वंशवृक्ष समोर ठेवून. प्रत्येक कादंबरीपूर्वी ते पात्रांची स्वतंत्र टिपणे काढीत.

स्थिर आणि बदलते तपशील

मराठीत भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे आणि भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील ही दोन पात्रे नोंदींचे दोन प्रकार स्पष्ट करतात. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि 'ट्टॉक' हा उद्गार हे स्थिर तपशील आहेत. त्यांवरूनच बालवाचक त्याला ओळखतात. 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चतुष्टयातील चांगदेव मात्र विद्यार्थिदशेतून प्राध्यापकीकडे आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. अशा पात्राच्या नोंदीत वय, गाव, नोकरी आणि त्या वेळची मनोवस्था कालक्रमाने हवी. पहिल्या प्रकाराला एक पान पुरते. दुसऱ्याला कालपट लागतो.

संबोधने आणि भाषा

केसांचा रंग चुकला तर वाचक क्षमा करील. 'अहो' म्हणणारी सून पुढच्या भागात सासूला 'अगं' म्हणू लागली, तर नातेच बिघडेल. म्हणून मराठी पात्रनोंदीत कोण कोणाला तू, तुम्ही किंवा आपण म्हणतो, याचा तक्ता असावा. संबोधन बदलले, तर ते कोणत्या प्रसंगानंतर बदलले, हेही लिहावे.

स्थलांतरित कुटुंबात हा तक्ता अधिक गुंतागुंतीचा होतो. समजा, खानदेशातून सुरतेला आलेले एखादे कुटुंब कोसाडला राहते. आजी अहिराणी बोलते, वडील बाजारात गुजराती, मुले शाळेत आणखी वेगळी भाषा. कोणता माणूस कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे आधी ठरवावे लागते. भूगोलही तितकाच बांधून ठेवतो : कोसाड तापीच्या उत्तरेला आहे, तेथून रेल्वेने सुरतेला निघालेल्या पात्राला आधी उत्राण लागेल आणि मग तापीवरचा पूल. पहिल्या भागात हा क्रम आला, की दहाव्या भागालाही तो पाळावा लागतो.

नोंद ठेवण्याची रीत

छापून आलेली माहिती आणि लेखकाच्या मनातली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी. मनातली कधीही बदलता येते. छापलेली वाचकाची झालेली असते. तिच्यापुढे पुस्तक व प्रकरण नोंदवावे. तिसऱ्या रकान्यात त्या पात्राला कोणते गुपित केव्हा कळले, ते लिहावे. रहस्यकथेत निम्मे दोष याच ठिकाणी सापडतात. वही, कार्डे किंवा संगणकावरील तक्ता, यांपैकी काहीही चालेल. प्रत्येक प्रकरण संपताच नोंद अद्ययावत करणे महत्त्वाचे.

विसंगती उशिरा आढळली, तर पुढील आवृत्तीत दुरुस्ती करता येते, किंवा कथेतच तिचे कारण देता येते. मात्र ते कारण पात्राच्या स्वभावातून यावे. लेखकाच्या सोयीसाठी आणलेले कारण वाचक ओळखतो, आणि त्याचा पात्रावरचा विश्वास उडतो.