अखेरच्या दिवसांची शुश्रूषा

आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर रुग्णाच्या वेदना, धाप, उलट्या, जखमा यांवर उपचार करणारी आणि त्याच्या घरच्यांनाही सांभाळणारी सेवा म्हणजे हॉस्पिस. युरोपात तिची सुरुवात धर्मसेवेतून झाली. डब्लिनमध्ये 1879 साली आणि लंडनच्या हॅक्नी भागात 1905 साली कॅथलिक नन्सनी मरणासन्न गरिबांसाठी आश्रयस्थाने उघडली. तिथे स्वच्छ अंथरूण, अन्न आणि प्रार्थना मिळे. वेदनेवरचा इलाज मात्र तोकडा होता.

तो बदल सिसिली साँडर्स यांनी घडवला. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि 1957 मध्ये डॉक्टर झाल्या. त्या काळी रुग्णाला मॉर्फिन द्यायचे ते कळ असह्य झाल्यावरच. व्यसन लागेल या भीतीने ते शक्य तितके टाळले जाई. साँडर्स यांनी हॅक्नीच्या आश्रयस्थानात ठराविक तासांनी, कळ उठण्याआधीच, तोंडावाटे मॉर्फिन द्यायला सुरुवात केली आणि रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. रुग्ण गुंगीत पडून राहत नाहीत, माणसांशी बोलतात, जेवतात, हे त्यातून दिसले. शरीराच्या दुखण्यात भीती, पैशाची काळजी, नात्यांतले ताण आणि श्रद्धेचे प्रश्नही मिसळलेले असतात, ही त्यांची मांडणी पुढे या साऱ्या शाखेचा पाया ठरली. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि दोनच वर्षांत तिथल्या नर्स रुग्णांच्या घरीही जाऊ लागल्या.

भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत निघाले. टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुइस जोसे डिसूझा यांच्या पुढाकाराने 1986 साली वांद्र्याला शांती अवेदना आश्रम उभा राहिला. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेत. ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढे ऐकून रुग्णालयाबाहेर पडलेल्या आणि शहरात धड जागाही नसलेल्या कुटुंबांना याहून मोठा आधार नव्हता.

पण खाटा वाढल्या तरी औषधाविना हे काम अपुरेच राहते, आणि नेमके औषधच दुर्मीळ झाले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनते; तरी देशातला रुग्ण त्यासाठी तळमळत होता. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने शिक्षा कडक केल्या आणि मॉर्फिन ठेवण्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागू लागले. रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले. 1997 साली साऱ्या देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे 18 किलोपर्यंत घसरला होता. व्यसनाला आवर घालण्यासाठी केलेल्या कायद्याची किंमत कॅन्सरच्या रुग्णांनी मोजली, असेच म्हणावे लागते. ही अडचण दूर करणारी कायद्यातली दुरुस्ती संसदेने केली ती 2014 साली.

दरम्यान केरळने वेगळी वाट काढली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह 1993 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात उतरले. लहानलहान देणग्या जमवून ते नर्सला घेऊन रुग्णाच्या घरी जात. 2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि पंचायतींवर जबाबदारी टाकली.

ही वाट भारतीय घराला अधिक जवळची आहे. इथे शुश्रूषेचा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलीवर पडतो. कूस कशी बदलावी, तोंड कसे स्वच्छ ठेवावे, पाठीच्या जखमेला दुर्गंधी सुटली तर काय करावे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. पुण्यात वारज्याला 1997 साली सुरू झालेल्या सिप्ला या औषध कंपनीच्या केंद्रात म्हणूनच रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही हे सारे शिकवतात. याहून अवघड असते ते बोलणे. ‘त्यांना काही सांगू नका’ असे नातेवाईक डॉक्टरांना विनवतात. रुग्णाला बहुतेकदा कळलेलेच असते. तोही घरच्यांना जपण्यासाठी गप्प राहतो. मग जमीन कोणाच्या नावे करायची, कोणाला भेटायचे, अखेरचा श्वास घरी घ्यायचा की नाही, हे राहून जाते. दोन्ही बाजूंचे मौन हलक्या हाताने सोडवणे हेही या सेवेतले कामच मानले जाते.

अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत, ही रुग्णाची इच्छा आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये मान्यता दिली. त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. 2023 मध्ये ती अट सैल करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो करण्याची मुभा मिळाली. कृत्रिम श्वासासारखे उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती मात्र आजही आवश्यक आहे.