राणीचं खाणं आणि सोपाऱ्याची गाडी



आपल्या स्वाध्यायाला येणाऱ्या एका सुनेने मला विचारलं, "काकू, रॉयल जेली मधात मोडते का हो?" तिचे दोन गर्भ राहिले नाहीत. आता कुणीतरी तिला छोटी बाटली आणून दिली आहे. गर्भाशयाला बळ मिळतं, राणीमाशी हेच खाऊन रोज हजारावर अंडी घालते, आणि हा मध नाहीच, हिरवा ठिपका बघा, असं सांगून. तिने लग्नाआधीच मधाचा त्याग केलेला आहे. घरातलं कुणी घे म्हणतं, कुणी नको म्हणतं. तिला "हो" किंवा "नाही" असं तोंडी उत्तर देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हा लेख जरा लांबवर जाणार आहे. थेट आपल्या सोपाऱ्यापर्यंत.

आधी वस्तू काय ते पाहू. रॉयल जेली म्हणजे मध नाही, हे विकणाऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. मध फुलातल्या रसापासून होतो. ही जेली कामकरी माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरते. साधारण पाच ते पंधरा दिवसांच्या तरुण माश्या पोळ्यातल्या बाळांना ती भरवतात, म्हणजे माशीचं दूधच म्हणा. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना ती मिळते. पुढे बाकीच्यांना मध-परागाचं खाणं सुरू होतं, आणि जिला राणी करायचं तिला मात्र जेलीच मिळत राहते. अंडं दोघींचं सारखंच, पण राणी सोळा दिवसांत तयार होते आणि कामकरी एकवीस दिवसांत. कामकरी माशी हंगामात दीड महिनाभर जगते, राणी काही वर्षं. यावरूनच सगळी जाहिरात उभी राहिली आहे.

हे माणसाला कळायलाही फार वेळ लागला. सतराव्या शतकापर्यंत युरोपात पोळ्याच्या प्रमुखाला राजा समजत. हॉलंडच्या स्वामरडामने माशी चिरून तिच्या पोटातल्या अंडकोशांवरून दाखवलं की हा राजा बाई आहे. (बाईला बाई म्हणायला सूक्ष्मदर्शक लागला!) अठराव्या शतकात शिराख नावाच्या जर्मन पाद्रीने दाखवलं की साध्या कामकरी अळीपासूनही माश्या राणी घडवू शकतात. त्यानंतर जिनिव्हाचा फ्रान्स्वा ह्यूबर आला. तो आंधळा होता. त्याचा नोकर बुर्नां बघायचा, हा विचारायचा, आणि त्या दोघांच्या निरीक्षणांचं पुस्तक १७९२ साली निघालं.

दुकानातली बाटली मात्र अलीकडची. १९५४ साली पोप बारावे पायस गंभीर आजारी होते. त्यांच्या डॉक्टरांनी इतर उपचारांबरोबर रॉयल जेलीही दिली. पोप सावरले, बातमी जगभर गेली आणि जेलीला भाव आला. वसईत राहणाऱ्या आपल्याला पोपच्या नावाचं वजन वेगळं सांगायला नको. पण ते इतर उपचारांनी सावरले की जेलीने, हे त्या बातमीवरून कसं ठरणार? युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये रॉयल जेलीबद्दलचे आरोग्याचे दावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असंच म्हटलं. उलट दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना हिच्यामुळे जोराचा झटका आल्याच्या नोंदी आहेत, काही जीवघेण्याही. ऑस्ट्रेलियात बाटलीवर तसा इशारा छापावा लागतो.

आता ती काढतात कशी ते बघू. माझ्या मते आपल्यासाठी खरा प्रश्न इथेच आहे. मधाच्या बाबतीत चौकटीची पेटी आणि १८६५ नंतर आलेलं फिरवून मध काढायचं यंत्र, यांमुळे पोळं पिळायची गरज उरली नाही. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारात म्हणूनच मधमाशीपालनाला जागा मिळाली. आपल्या महाराष्ट्रात महाबळेश्वरला सातेरी माशीच्या पेट्या आल्या, मधपाळांची मधुसागर ही सहकारी संस्था झाली, आणि १९६२ मध्ये पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. आपल्याच जिल्ह्यात डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत पेट्या ठेवतात. ही सगळी कष्टाची माणसं आहेत, त्यांच्याविषयी मला काही वावगं म्हणायचं नाही.

जेलीची गोष्ट मात्र निराळी. ती पोळ्यात साठवलेली नसते, म्हणून माश्यांना फसवावं लागतं. दिवसभराचीही न झालेली अळी बारीक सुईने उचलून राणीच्या आकाराच्या नकली वाटीत ठेवतात. अशा कितीतरी वाट्या पट्टीवर लावून राणी नसलेल्या भागात सोडतात. माश्यांना वाटतं, नव्या राण्या घडवायच्या आहेत. त्या वाट्या काठोकाठ भरतात. तिसऱ्या दिवशी पट्टी बाहेर काढून अळी चिमट्याने काढून टाकतात आणि जेली खरवडून घेतात. एका वाटीतून साधारण पाव ग्रॅम मिळते. म्हणजे दहा ग्रॅमच्या बाटलीमागे चाळीसएक अळ्या. इथे "मधाचं यंत्र अहिंसक आहे" ही सबब चालत नाही. अळी काढून टाकल्याशिवाय जेली हाती येतच नाही.

शास्त्र काय म्हणतं? आपल्या दिगंबर परंपरेत मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतच आहे. समंतभद्रांनी त्याला पाच अणुव्रतं जोडली, तर दहाव्या शतकातल्या अमृतचंद्रांनी वड-पिंपळ-उंबरासारखी पाच फळं. श्वेतांबर मैत्रिणींकडे मध बावीस अभक्ष्यांत येतो, आणि लोणी, मद्य, मांस यांच्याबरोबर महाविगईतही. अमृतचंद्रांचा एक मुद्दा मला फार आवडतो. पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तर? यावर ते म्हणतात, तरीही त्यातल्या जीवांची हिंसा होतेच. हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी "पण आम्ही माशी मारली नाही" असं म्हणून पाहिलं असणार! बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात आणखी एक दार बंद केलं: औषध म्हणून खाल्लेला मधही तसाच दोषाचा. जेली हा शब्द या ग्रंथांत नाही. पण दोष वस्तूच्या नावात नाही, तिच्यामागच्या जीवांत आहे, असं मानलं तर तिला वेगळं काढायला जागा उरत नाही.

मग आजारी, अशक्त बाईने काय करायचं? शास्त्र एवढं कोरडं आहे का? नाही, आणि याचं उत्तर आपल्या नालासोपाऱ्यातच घडलं आहे. लोकल उतरून रिक्षा शोधताना आपल्या लक्षात येत नाही, पण हे शूर्पारक, जैन ग्रंथांतलं सोपारक. गलबतं लागायची ते बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप खणला, तो आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. जैनांचं सोपारा मात्र फारसं कुणी दाखवत नाही.

व्यवहारभाष्यात कथा येते. आर्य समुद्र आणि आर्य मंगू हे दोन आचार्य सोपाऱ्यात आले. समुद्र प्रकृतीने अशक्त, त्यांचं खाणं वेगवेगळ्या पात्रांत आणत. मंगू सगळं एकाच पात्रात घेत. इथल्या श्रावकांना ते खटकलं. त्यांतला एक गाडीवान होता. त्याला मंगूंनी विचारलं, तुझी गाडी खिळखिळी झाली तर तू काय करतोस? बांधून घेतोस, नाहीतर ती ओझं नेणार नाही. धडधाकट गाडीला बांधायची गरज नसते. समुद्र हे तसे बांधून चालवायच्या गाडीसारखे आहेत. किती शहाणपणाचं उत्तर! (याच मंगूंची पुढे मथुरेत रसनेवर आसक्ती जडली आणि ते मरून यक्ष झाले, असंही परंपरा सांगते. जिभेचा भरवसा आचार्यांनाही नाही.)

सोपाऱ्याचीच दुसरी कथा श्वेतांबर परंपरेत आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. जिनदत्त श्रेष्ठीची बायको ईश्वरी हिने लाख मोल देऊन शेवटचा भात शिजवला आणि त्यात विष कालवून सगळ्यांनी संपायचं ठरवलं. तेवढ्यात आर्य वज्रसेन भिक्षेला आले. त्यांनी तिला थांबवलं, उद्या धान्य येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याची गलबतं लागली. तिच्या नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार मुलांच्या नावांनी पुढे चार कुळं चालली. घाबरलेल्या बाईच्या हातात त्या वेळी जे असतं, ते कधीकधी फार महाग असतं आणि विषही असतं, हे मला त्या सुनेकडे बघताना आठवलं.

तर गाडी जरूर बांधावी. तिला मी सांगितलं ते असं: ही बाटली बाजूला ठेव आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भ का राहत नाही याच्या तपासण्या असतात. थायरॉइड, साखर, रक्तातलं लोह, आणि आपण शाकाहारी म्हणून बी१२, हे सगळं बघता येतं, आणि कमी असेल त्याची औषधंही आहेत. गोळी लिहून देताना "मला मध आणि कीटकांपासून केलेलं काही चालत नाही" हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. लाजायचं कारण नाही.

आणि हिरव्या ठिपक्याबद्दल. आपल्या देशातल्या लेबलच्या नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध वगळलं आहे, तसंच मध, मेण आणि लाखही. म्हणजे मध असलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका कायद्याने बरोबरच असतो, पण त्याने आपलं काम भागत नाही. मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. रॉयल जेली, १०-एचडीए, प्रोपोलिस, बी पोलन हे शब्द शोधा. ई ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण आणि ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्यापासूनचं. गोळ्यांच्या चकचकीत आवरणात हे दोन्ही सापडतात. त्वचेच्या क्रीममध्येही जेली असते, तिथे तर ठिपक्याकडे बघायचंसुद्धा कुणाच्या मनात येत नाही.